वस्तीतील बाह्य पृष्ठभागांवरील किरणोत्सारी प्रदूषणाचे निर्मलन : फुकुशिमाच्या अनुभवातून काही सोप्या पद्धतींचा परिचय

सारांश

अणुभट्टीतील अपघातानंतर घरांची छपरे, अंगणे, रस्ते व बागा यांवर बसलेले किरणोत्सारी द्रव्य दूर करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या पद्धतींचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जपानमधील फुकुशिमा प्रांतात २०११ नंतर झालेले काम त्यासाठी आधारभूत मानले आहे. झाडू, खराटा, फावडे आणि पाणी यांनी होणारे हे काम दिसायला सोपे असले, तरी किरणोत्सार नष्ट करण्याची शक्ती यांपैकी कोणत्याही साधनात नाही. ही साधने किरणोत्सारी द्रव्य एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतात. म्हणून ही दुसरी जागा कोणती, याचे उत्तर आधी निश्चित करणे हाच स्वच्छतेच्या नियोजनाचा पाया होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : किरणोत्सार, सीझिअम, निर्मलन, मात्रादर, फुकुशिमा, मृदा.

प्रस्तावना

दिनांक ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यालगत ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्यामागून आलेल्या त्सुनामीच्या लाटांनी फुकुशिमा दाइइची अणुविद्युत केंद्राची वीजव्यवस्था निकामी केली. शीतन थांबल्यामुळे पहिल्या तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले व मोठ्या प्रमाणावर किरणोत्सारी द्रव्ये वातावरणात मिसळली. वारा आणि पाऊस यांच्या योगाने ती वायव्येकडील भूभागावर अधिक प्रमाणात उतरली. केंद्रापासून २० किलोमीटरच्या परिघातील वस्ती हलविण्यात आली. त्या परिघाबाहेरील इइताते हे गावही पुढे रिकामे करावे लागले. मे २०१२ मध्ये फुकुशिमा प्रांतातील विस्थापितांची संख्या सुमारे १ लाख ६४ हजार होती.

या लोकांना आपल्या घरी परतता येईल काय, आणि जे घर न सोडता तेथेच राहिले त्यांच्या मुलांना अंगणात खेळू द्यावे काय, हे प्रश्न तातडीचे होते. त्यांच्या उत्तराचा एक भाग म्हणून वस्त्यांची स्वच्छता हाती घेण्यात आली. ऑगस्ट २०११ मध्ये जपानच्या संसदेने यासाठी विशेष कायदा संमत केला व जानेवारी २०१२ पासून तो पूर्णपणे अमलात आला. अधिक प्रदूषित अशा अकरा नगरपालिका व गावांच्या क्षेत्रातील काम केंद्र सरकारने स्वतःकडे घेतले. आठ प्रांतांतील शंभराहून अधिक नगरपालिकांत ते स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आले. वस्तीची इतकी विस्तृत व इतकी काळजीपूर्वक नोंदविलेली स्वच्छता अन्यत्र क्वचितच झाली असेल. या विषयाच्या अभ्यासासाठी फुकुशिमाचे उदाहरण निवडण्याचे कारण हेच आहे.

१. प्रदूषणाचे स्वरूप

अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आयोडीन-१३१ हा समस्थानिक महत्त्वाचा असतो. परंतु त्याचे अर्धायुष्य केवळ आठ दिवसांचे असल्याने तो लवकरच नाहीसा होतो. दीर्घकाळ उरतात ते सीझिअम-१३४ व सीझिअम-१३७. पहिल्याचे अर्धायुष्य सुमारे दोन वर्षे, तर दुसऱ्याचे सुमारे तीस वर्षे आहे. फुकुशिमात हे दोन्ही समस्थानिक आरंभी जवळजवळ सारख्या प्रमाणात होते. दहा वर्षांनंतर सीझिअम-१३४ चा चार टक्क्यांहून कमी अंश शिल्लक राहतो, तर सीझिअम-१३७ चा सुमारे ऐंशी टक्के अंश तसाच असतो. वस्तीच्या स्वच्छतेचा प्रश्न हा मुख्यत्वे सीझिअमचा प्रश्न आहे, तो या अर्थाने.

सीझिअम हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशिअमच्या कुळातील मूलद्रव्य असून पाण्यात ते धनभारित आयनाच्या रूपात असते. चिकणमातीतील अभ्रकवर्गीय खनिजांच्या पापुद्र्यांच्या उसवलेल्या कडांमध्ये हा आयन जाऊन बसतो आणि तेथून सहजी सुटत नाही. या एका गुणधर्मातून तीन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, न नांगरलेल्या जमिनीत बहुतेक सीझिअम वरच्या सुमारे पाच सेंटिमीटर थरातच अडकून राहते. दुसरा असा की, साबणाने किंवा नुसत्या पाण्याने ते मातीतून धुऊन काढता येत नाही. मातीच काढावी लागते. तिसरा असा की, पावसाच्या पाण्याबरोबर ते वाहते तेव्हा प्रामुख्याने बारीक मातीच्या कणांना चिकटूनच वाहते, आणि जेथे गाळ साचतो तेथे तेही साचते.

वस्तीतील प्रदूषण सर्वत्र सारखे का नसते, याचे स्पष्टीकरण या तिसऱ्या निष्कर्षात मिळते. छपराच्या पन्हळी, पन्हळीच्या नळाचे तोंड जेथे जमिनीवर उघडते ती जागा, वळचणीखालची पट्टी, गटारे, झाडांचे बुंधे, शेवाळ धरलेले कोपरे व पालापाचोळ्याचे ढीग येथे आसपासच्या जमिनीपेक्षा कितीतरी अधिक सीझिअम आढळते. संपूर्ण आवार सरसकट खणण्यापूर्वी अशा जागा हुडकून त्या साफ केल्या, तर थोड्या श्रमात बराच लाभ होतो.

२. मोजमाप

किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे घासूनपुसून चकचकीत झालेली फरशी स्वच्छ झालीच असेल, असे म्हणता येत नाही. मोजमापाशिवाय केलेले निर्मलन म्हणजे निव्वळ समाधान होय. फुकुशिमात प्रत्येक आवारात कामाच्या आधी व नंतर ठरावीक बिंदूंवर मात्रादर मोजण्याची पद्धत होती. सामान्यतः जमिनीपासून एक मीटर उंचीवर, तर लहान मुलांच्या शाळांत पन्नास सेंटिमीटर उंचीवर मोजणी होत असे. पृष्ठभाग कितपत स्वच्छ झाला हे पाहण्यासाठी उपकरण एक सेंटिमीटर अंतरावर धरले जाई. एक मीटर उंचीवरील आकडा माणसाला मिळणाऱ्या मात्रेचा अंदाज देतो, तर पृष्ठभागालगतचा आकडा द्रव्य कोठे साचले आहे ते सांगतो. या दोहोंचा अर्थ भिन्न असल्याने त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

स्थानिक संस्थांनी कोठे काम करावे हे ठरविण्यासाठी जपानमध्ये ताशी ०.२३ मायक्रोसिव्हर्ट ही मर्यादा घेण्यात आली. तिच्यामागील गणित उद्बोधक आहे. नैसर्गिक किरणोत्साराव्यतिरिक्त वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही अतिरिक्त मात्रा दीर्घकालीन उद्दिष्ट म्हणून मानली गेली. माणूस दिवसाचे ८ तास घराबाहेर व १६ तास लाकडी घरात असतो, आणि घरात बाहेरच्या ४० टक्के इतकाच किरणोत्सार पोहोचतो, असे गृहीत धरले. या हिशेबाने बाहेरचा अतिरिक्त मात्रादर ताशी ०.१९ मायक्रोसिव्हर्ट येतो. त्यात जमिनीतून येणारा नैसर्गिक ०.०४ चा भाग मिळविला की ०.२३ हा आकडा होतो. याच्या खाली सर्व काही सुरक्षित व याच्या वर धोकादायक, अशी ही सीमारेषा नव्हती. काम कोठून सुरू करावे हे ठरविण्याचा तो एक निकष होता. तथापि जनमानसात तो सुरक्षिततेचीच रेषा म्हणून रुजला व त्यातून बराच गैरसमज निर्माण झाला.

३. स्वच्छतेच्या पद्धती

३.१ छपरे व पन्हळी

छपरांच्या बाबतीत पहिले काम साचलेला पालापाचोळा, गाळ आणि शेवाळ हाताने किंवा लहान खुरप्याने काढण्याचे असते. त्यानंतर ओल्या कापडाने किंवा जाड कागदी पंच्याने पृष्ठभाग पुसला जातो. पुसताना कापडाची एक बाजू एकदाच वापरावी लागते. तीच बाजू पुन्हा फिरविली तर निघालेले द्रव्य पुन्हा पसरते. गुळगुळीत, झिलई असलेल्या कौलांवर ही पद्धत बऱ्यापैकी चालते. सिमेंटची कौले, झिलई नसलेली कौले व गंजलेले पत्रे यांच्या सूक्ष्म छिद्रांत सीझिअम घट्ट बसते व पुसण्याने फारसे निघत नाही. जोरदार दाबाच्या पाण्याची फवारणी तेथे काही अंशी उपयोगी पडते. परंतु तिचे पाणी अडविले नाही, तर छपरावरचे द्रव्य अंगणात किंवा शेजाऱ्याच्या आवारात जाते. पन्हळी धुण्याआधी त्यांतील गाळ हाताने उचलणे श्रेयस्कर ठरते, कारण सर्वाधिक सीझिअम त्या गाळातच असते.

३.२ भिंती, फरश्या व रस्ते

उभ्या भिंतींवर आडव्या पृष्ठभागांच्या मानाने कमी द्रव्य बसते. म्हणून त्यांवर सामान्यतः पुसणे किंवा ब्रशने घासणे पुरेसे मानले जाते. फरश्यांच्या सांध्यांतील माती व शेवाळ खरवडून काढणे हे फरशी धुण्यापेक्षा अधिक परिणामकारक असते. डांबरी व सिमेंटच्या रस्त्यांवर प्रथम झाडलोट, मग गटारांतील गाळ काढणे व त्यानंतर दाबाच्या पाण्याने धुणे, असा क्रम असतो. एवढ्याने भागले नाही, तर पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागाचा पातळ थर तासून काढतात. हे काम यंत्राचे व प्रशिक्षित मनुष्यबळाचे आहे. रहिवाशांच्या आवाक्यातील पद्धतींत त्याचा समावेश होत नाही.

३.३ अंगण व बागेतील माती

माणसाला मिळणाऱ्या बाह्य मात्रेत जमिनीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे अंगणातील माती हा स्वच्छतेचा गाभा ठरतो. यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग वरचा थर काढून टाकण्याचा. धूळ उडू नये म्हणून आधी हलके पाणी शिंपडून सुमारे पाच सेंटिमीटर माती काढली जाते व तिच्या जागी स्वच्छ माती पसरली जाते. हिरवळ असल्यास मुळे शाबूत ठेवून तिचा वरचा थर खरवडतात. ती पुन्हा वाढते. हा मार्ग परिणामकारक आहे, मात्र त्याची किंमत मातीच्या राशीत मोजावी लागते. शंभर चौरस मीटरच्या अंगणातून पाच सेंटिमीटर माती काढली तर पाच घनमीटर माती निघते. एक घनमीटरच्या पोत्यांत भरल्यास ती पाच मोठी पोती होतात, आणि अशा एकेका पोत्याचे वजन एक टनाच्या आसपास असू शकते. शेतजमिनीच्या बाबतीत तर हा वरचा थरच सर्वांत सुपीक असतो. तो गमावणे शेतकऱ्याला परवडणारे नसते.

दुसरा मार्ग मातीची उलथापालथ करण्याचा. वरची प्रदूषित माती खाली व खालची स्वच्छ माती वर आणली की, मधली माती ढालीचे काम करते. तीस सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर सीझिअमचा सुमारे ९८ टक्के किरणोत्सार अडवितो. लहान बागेत हे काम कुदळ-फावड्याने करता येते. वरचा पातळ थर एका बाजूस, त्याखालचा सुपीक थर दुसऱ्या बाजूस व सर्वांत खालचा थर तिसऱ्या बाजूस, असे तीन ढीग करतात. मग वरचा प्रदूषित थर खड्ड्याच्या तळाशी घालून त्यावर सर्वांत खालची माती व शेवटी मधला सुपीक थर पसरतात. थरांची सरमिसळ न होऊ देणे, हे या पद्धतीचे मर्म आहे. या मार्गाने आवाराबाहेर न्यावी लागणारी माती निर्माण होत नाही. मात्र भूजलाची पातळी उंच असेल तेथे तो विचारपूर्वकच अवलंबावा लागतो, आणि पुढे तेथे खोदकाम होऊ नये याची नोंदही ठेवावी लागते.

तिसरा मार्ग प्रदूषित माती आवारातच खड्ड्यात पुरून वर स्वच्छ माती टाकण्याचा. शाळांच्या मैदानांवर मे २०११ मध्ये झालेल्या चाचण्यांत उलथापालथ व खड्ड्यात पुरणे या दोन्ही पद्धतींनी मैदानावरील मात्रादर बराच खाली आणता येतो, असे दिसून आले.

३.४ झाडे व कुंपणे

फुकुशिमाचा अपघात मार्च महिन्यात झाला. त्या वेळी पानझडी वृक्षांना पाने नव्हती. सदाहरित वृक्षांच्या पानांनी मात्र बरेच द्रव्य धरून ठेवले. म्हणून सदाहरित कुंपणांची छाटणी, बुंध्याभोवतालचा पालापाचोळा उचलणे व खोडावरील शेवाळ घासणे ही कामे करण्यात आली. वनांच्या बाबतीत घरांपासून सुमारे वीस मीटर अंतरापर्यंतचाच पट्टा साफ केला गेला. फुकुशिमा प्रांताचा सुमारे ७० टक्के भाग वनाच्छादित असल्याने याहून अधिक शक्यही नव्हते.

४. कामाचा क्रम, पाणी व सुरक्षितता

काम वरून खाली, म्हणजे छपरापासून पन्हळीकडे, तेथून भिंतीकडे व अखेरीस अंगणाकडे, हा पहिला नियम. उताराच्या जागी चढाकडून सुरुवात करावी, हा दुसरा. क्रम उलटला तर साफ केलेली जागा पुन्हा खराब होते व केलेले श्रम वाया जातात. शक्य तेथे कोरड्या पद्धतीने उचलणे आधी व पाणी शेवटी, हा तिसरा नियम. धुण्याचे पाणी मातीच्या बंधाऱ्याने किंवा पिशव्यांनी अडवून गाळ तळाशी बसू देतात. सीझिअम बहुतांशी गाळाला चिकटलेले असल्याने वरचे पाणी तुलनेने स्वच्छ असते. तरीही ते मोजल्यावाचून सोडत नाहीत.

काम करणाऱ्यांसाठी तोंडावर धूळरोधक मुखपट्टी, रबरी हातमोजे, लांब बाह्यांचे कपडे व रबरी बूट आवश्यक असतात. कामाच्या जागी खाणे, पिणे व धूम्रपान वर्ज्य असते. काम संपल्यावर हात, चेहरा व बूट धुतले जातात व कपडे निराळे ठेवले जातात. निघालेला पालापाचोळा जाळता कामा नये, कारण राखेत सीझिअमचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. फुकुशिमा प्रांताने २०११ च्या उन्हाळ्यात रहिवाशांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती. मात्र रहिवाशांचा सहभाग कमी मात्रादराच्या भागापुरताच योग्य ठरतो. अधिक प्रदूषित क्षेत्रातील काम प्रशिक्षित कामगारांचे असून त्यांना मिळणाऱ्या मात्रेची नोंद ठेवणे बंधनकारक असते.

५. परिणाम व त्यांच्या मर्यादा

केंद्र सरकारने हाती घेतलेल्या क्षेत्रात निवासी जागांवरील मात्रादर स्वच्छतेनंतर सरासरीने सुमारे ६० टक्क्यांनी घटला. रस्त्यांवर ही घट सुमारे ४० टक्के व वनपट्ट्यांत सुमारे एक चतुर्थांश होती. हे आकडे समाधानकारक असले, तरी ते वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट नैसर्गिक घटीची. सीझिअम-१३४ चा क्षय व पावसाने होणारी धूप यांमुळे पहिल्या दोन वर्षांत मात्रा आपोआपच सुमारे ४० टक्क्यांनी कमी होईल, असा जपान सरकारचा अंदाज होता. ऑगस्ट २०१३ पर्यंत सर्वसामान्य लोकांच्या बाबतीत ५० टक्के घटीचे जे उद्दिष्ट ठरविले गेले, त्यांतील केवळ १० टक्के भार प्रत्यक्ष स्वच्छतेवर होता. मुलांच्या वावराच्या जागांसाठी ते उद्दिष्ट ६० टक्क्यांचे होते. अर्थात स्वच्छतेचे यश मोजताना काळाने केलेले काम वजा करावे लागते.

दुसरी गोष्ट पृष्ठभाग व माणूस यांतील फरकाची. चेर्नोबिलच्या अपघातानंतर १९८६ ते १९८९ या काळात सैन्याच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर वस्त्या स्वच्छ करण्यात आल्या. निरनिराळ्या पृष्ठभागांवरील मात्रादर १.५ ते १५ पटींनी घटला; परंतु सामान्य रहिवाशाला मिळणारी वार्षिक बाह्य मात्रा सरासरीने १० ते २० टक्केच कमी झाली. बालवाड्या व शाळांत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत ती घट सुमारे ३० टक्के होती. माणूस आपल्या अंगणापुरता राहत नाही. तो शेतात, रस्त्यावर व रानातही जातो. म्हणून मर्यादित साधने असताना जेथे मुले अधिक वेळ असतात तेथून आरंभ करणे हेच शास्त्रीय व मानवी दोन्ही दृष्टींनी युक्त ठरते.

६. काढलेली माती कोठे जाते?

एप्रिल २०११ च्या अखेरीस कोरियामा शहराने शासनाच्या निर्देशाची वाट न पाहता शाळांच्या मैदानांवरील वरची माती काढली. मैदानावरील मात्रादर घटला. परंतु ती माती शहराच्या कचराभूमीत नेण्यास तेथील रहिवाशांनी विरोध केला व मातीचे ढीग आच्छादन घालून मैदानाच्याच एका भागात ठेवावे लागले. या घटनेत कोणा एकाची चूक शोधणे योग्य होणार नाही. पालकांची चिंता खरी होती आणि कचराभूमीजवळ राहणाऱ्यांची चिंताही तितकीच खरी होती.

हाच प्रश्न पुढे प्रांताच्या पातळीवर उभा राहिला. घरांच्या अंगणांत, शेतांत व तात्पुरत्या साठवण जागांवर पोत्यांच्या राशी वर्षानुवर्षे राहिल्या. ओकुमा व फुताबा या गावांत सुमारे १६०० हेक्टरांवर मध्यंतरीची साठवण व्यवस्था उभारण्यात आली व मार्च २०१५ पासून तेथे माती नेली जाऊ लागली. ज्या गावांनी अपघातात सर्वाधिक गमावले, त्यांच्याच जमिनीवर इतरांच्या अंगणातील माती आली. तेथे पोहोचलेल्या मातीचे व कचऱ्याचे एकूण आकारमान सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर आहे. ही माती मार्च २०४५ पर्यंत प्रांताबाहेर अंतिम विल्हेवाटीसाठी नेण्याचे बंधन कायद्याने शासनावर घातले आहे. तिच्यातील सुमारे तीन चतुर्थांश भाग किलोग्रॅममागे ८००० बेकरेलपेक्षा कमी किरणोत्साराचा असून तो स्वच्छ मातीखाली भरावासाठी वापरावा, असा शासनाचा प्रयत्न आहे. त्याविषयीचा विश्वास निर्माण व्हावा म्हणून जुलै २०२५ मध्ये टोकियोतील पंतप्रधान कार्यालयाच्या आवारात अशी काही माती वापरण्यात आली.

७. भारतीय संदर्भ

तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ साली वीजनिर्मिती सुरू झाली. फुकुशिमा दाइइचीप्रमाणेच त्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातील आहेत. भारतीय वस्तीत किरणोत्सारी द्रव्य पोहोचल्याची परिचित घटना मात्र अणुकेंद्रातील नव्हे, तर भंगारबाजारातील आहे. दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेल्या एका जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० एप्रिल २०१० मध्ये मायापुरी येथील भंगाराच्या दुकानांत उघडे पडले व त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली असाच प्रकार सीझिअम-१३७ च्या बाबतीत घडला होता. तेथे चौघांचा मृत्यू झाला, ८५ घरांत लक्षणीय प्रदूषण आढळले व सुमारे ३५०० घनमीटर कचरा निर्माण झाला. महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या प्रयोगशाळांतील जुन्या साधनांची नोंद आणि विल्हेवाट हा विषय अध्यापकवर्गाच्या थेट कक्षेतील आहे, हे या दोन घटनांवरून लक्षात यावे.

निष्कर्ष

१. सीझिअम मातीच्या वरच्या थरात व गाळात साचते. त्यामुळे पन्हळी, गटारे, पालापाचोळा व अंगणाची माती यांना स्वच्छतेत अग्रक्रम द्यावा लागतो.

२. साध्या साधनांनी मात्रादर निम्म्याहून खाली आणणे अनेक निवासी जागांत शक्य होते. त्यासाठी कामाचा क्रम पाळणे, पाणी अडविणे व आधी-नंतर मोजमाप करणे अनिवार्य आहे.

३. लहान आवारात माती बाहेर नेण्यापेक्षा तिची थरवार उलथापालथ करणे अनेकदा अधिक सोयीचे ठरते.

४. किरणोत्साराचा नाश केवळ काळ करतो. माणसाच्या हाती त्या द्रव्याची जागा बदलणे एवढेच आहे. म्हणून पहिले फावडे जमिनीत घालण्यापूर्वी माती कोठे ठेवायची, किती काळ ठेवायची आणि ती जागा ज्यांच्या शेजारी आहे त्यांची संमती आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळविणे आवश्यक आहे. फुकुशिमात ही उत्तरे उशिरा शोधली गेली व त्याचा भार आजही दोन गावे वाहत आहेत.

५. आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत स्वच्छतेच्या तंत्राबरोबर या सामाजिक बाजूचाही समावेश झाल्यास तो अभ्यास खऱ्या अर्थाने परिपूर्ण होईल.